हात वर गेल्यावर

जिन्याच्या वळणावर मला माझाच आवाज ऐकू आला. मधली सुट्टी संपली होती, डबा धुवायला गेले म्हणून मला जरा उशीर झाला होता, नववी ब कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बसली होती, आणि आतून मी शिकवत होते. मी कठड्याला धरून उभी राहिले. वेड्यासारखा ओठांना हात लावून बघितला. तोंड मिटलेलं होतं. आवाज म्हणत होता, "तर मुलांनो, टाळकरी कधी थांबतो?" आणि थोड्या वेळाने स्वतःच उत्तर देत होता, "बुवांचा हात वर गेला की." वाक्य माझंच. पहिल्यांदा काय वाटलं, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. लॉकडाऊनमध्ये मी धडे बोलून ठेवले होते, त्यातलंच कुणीतरी लावलंय, आपण इतकं स्वच्छ बोलतो हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं काहीतरी. मी मान पण डोलावली असेन. मग लक्षात आलं की हा आवाज श्वास घेत नाही. महत्त्वाचं सांगायच्या आधी मला खाकरायची सवय आहे, पोरं त्याची नक्कल करतात. ते खाकरणं नव्हतं. हे मी कधी बोललेच नव्हते, माझ्या आवाजातून कुणीतरी नवीन बोलत होतं. आणि तो आवाज म्हणाला, "माझे वडील टाळकरी होते. एकदा बुवांचा हात वर गेला, तरी ते थांबले नाहीत. सगळ्यांना वाटलं, त्यांचे डोळे मिटलेले होते. पण खरं तर त्यांनी हात बघितला होता."

डब्याचं झाकण जिन्यावरून खाली गेलं. त्याचा गोल गोल आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला, पण उचलायला काही मी गेले नाही.

टाळकऱ्यांचा दृष्टांत मी भांडुपच्या या शाळेत आले तेव्हापासून देते. लूप शिकवायचं म्हणजे पोरांना आधी काहीच कळत नाही, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का करायची, आणि थांबायचं कधी. मग मी बाकं मागे सरकवते, दोन रांगा उभ्या करते, कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात तशा, आणि मी पुढे. मी चरण म्हणायचा, त्यांनी टाळ्या वाजवत तोच परत म्हणायचा, म्हणत राहायचा, माझा हात वर जाईपर्यंत. हात वर जाणं ही अट. अट बघत बघत काम करणं म्हणजे लूप. एखादा सौरभ असतोच, त्याचं लक्ष खिडकीबाहेर, सगळे थांबले तरी हा एकटा टाळ्या पिटतोय, आणि वर्ग हसून आडवा. मी म्हणते, "हसू नका, हा अनंत लूप झाला, आता याला वीज बंद केल्याशिवाय थांबवता येणार नाही." मग कळफलकाला हात लावायचा. निम्मी यंत्रं बंदच असतात, एकेका यंत्रावर तिघंतिघं. पण ज्याने एकदा टाळ्या वाजवल्यात त्याची अट सहसा चुकत नाही. मी काही फार शिकलेली नाही हो. मला जे येतं ते कीर्तनात बसून आलेलं. एक अवघड गोष्ट घ्यायची, दहा अंगांनी फिरवायची, कंटाळा आला असं वाटलं की चाल बदलायची, आणि शेवटी ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे मला आधीपासूनच माहीत होतं.

बाबांची गोष्टही मी वर्गात सांगते, पण अर्धी. घाटकोपरला भटवाडीत आमची खोली होती. बाबा गिरणीतून आले की अंघोळ करून टाळ घ्यायचे, सप्ताह असला की रोज उभे. एकदा बुवांनी हात वर केला, मृदंग थांबला, सगळे थांबले, आणि आमचे बाबा डोळे मिटून एकटेच विठ्ठल विठ्ठल करतायत. बुवा रागावले नाहीत. हात तसाच वर धरून उभे राहिले, आणि मग हळूच त्यांनी तो खाली घेतला आणि मृदंगवाल्याला खूण केली, चालू दे. इतकंच मी सांगते. पोरं हसतात, आणि त्या हसण्यात बाबांबद्दल माया असते, मला कळतं ते. उरलेलं मला पण नंतर कळलं, बाबा केईएममध्ये होते तेव्हा. मी मोसंबी सोलत होते आणि ते आपणहून, गावाकडच्या बोलीत म्हणाले, "हात बघलेलंय मियां तेव्हा. पण थांबलंय असतंय तर घराक जावचा लागला असता." त्या कीर्तनाचा दिवस म्हणजे सुतक फिटल्यानंतरचा पहिला दिवस. माझा धाकटा भाऊ, प्रीतम, काविळीने गेला होता. आई चुलीपुढे बसायची पण चूल पेटवायची नाही. बुवा स्वतः येऊन बाबांना हाताला धरून घेऊन गेले होते. बाबा टाळ वाजवत राहिले, कारण टाळ थांबला की उरतो तो घराकडचा रस्ता.

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एका माणसाला सांगितलं, शाळेतल्या माझ्या मैत्रिणीला, रेवतीला. गेल्या वर्षी, मुलुंडच्या आमच्या देवळात, एकादशीचं कीर्तन झाल्यावर सतरंजीवर बसून दोघी कागदाच्या द्रोणातून खिचडी खात होतो तेव्हा. का सांगितलं, त्या दिवशी बुवांनी काय लावलं होतं, काहीही आठवत नाही. रेवतीने द्रोण खाली ठेवला आणि माझा खरकटा हात धरला. तिचे डोळे भरून वाहत होते. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर आज मला सोपं गेलं असतं.

मी लॅबच्या दारात गेले. नव्या डिजिटल बोर्डावर एक कार्टून बाई होती, अंबाडा घातलेली, माझ्यासारखीच काठापदराची साडी. तिच्या शेजारी धोतर नेसलेला म्हातारा, हातात टाळ, डोक्यावर पिवळं प्रश्नचिन्ह उड्या मारतंय. बाबा तेव्हा चाळिशीचे होते. त्यांनी धोतर कधी नेसलं नाही, पँट आणि वर गंजीफ्रॉक.

"आयला, बाई बाहेर!" सौरभ ओरडला. "मग आत कोण आहे?"

"ती डुप्लिकेट आहे रे," सुयोग म्हणाला.

"कशावरून? चिमटा काढून बघ, जी ओरडेल ती ओरिजिनल."

"तुझ्या बापाला काढ चिमटा," दिशा त्याच्यावर खेकसली आणि मग माझ्याकडे बघून जीभ चावली. "सॉरी बाई."

पुढच्या बाकावरची श्रुतिका हसत होती. गुणी मुलगी, कधी खोटं बोलत नाही. "बाई, पण ती भारी आहे हां. किती वेळा परत विचारलं तरी चिडत नाही ती. तुम्ही तिसऱ्यांदा चिडता ना."

मी हसले. हसावंच लागलं, खरं होतं ते. तेवढ्यात बोर्डावर प्रश्न आला, माझ्याच आवाजात वाचलाही गेला. टाळकऱ्याचे काय चुकले? योग्य पर्याय निवडा. खाली चार पर्याय. पोरांना पर्याय दिसले की ती पोरं राहत नाहीत, लिलाव सुरू होतो. "क! क! बाई, क!" सगळा वर्ग क, क करत उठला. क म्हणजे, अट पूर्ण झाली हे दिसूनही त्याने लूप चालू ठेवला. तीसेक चेहरे माझ्याकडे वळले, बोर्डावरच्या बाईकडे नाही, माझ्याकडे, कारण बरोबर आहे की नाही हे अजून त्यांना माझ्याकडूनच हवं असतं. आणि मी म्हणाले, "बरोबर." तोंडातून गेलं. इतक्या वर्षांची सवय, बरोबर उत्तर आलं की बरोबर म्हणायचं. बोर्डावर हिरवे फुगे फुटले आणि म्हाताऱ्याने लाजून टाळ खाली ठेवला.

रेवती खालच्या मजल्यावर पर्यवेक्षिकांच्या खोलीत बसते. दोन वर्षांपूर्वी तिला ती खोली मिळाली तेव्हा मीच तिथे गणपतीचा छोटा फोटो लावला होता. ती मराठी शिकवायची, मी कॉम्प्युटर, आणि शिक्षकखोलीत सगळे म्हणायचे, या दोघींचं काय जमतं कोण जाणे. जमायचं ते देवळात. ती पाच रस्त्याच्या नाक्याजवळ राहते, मी मागच्या गल्लीत, आणि सप्ताह असला की जी आधी पोचेल तिने खांबाजवळ दुसरीसाठी जागा धरायची, पर्स ठेवून. कीर्तन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात, शेजारी कोण आहे, लहान की मोठा, बघायचं नसतं. आम्ही दोघी एकाच वेळी वाकायचो आणि कपाळं आपटायची. दर वेळी. दर वेळी हसायचो.

"ये गं, बस. चहा सांगू?" ती म्हणाली.

"बाबांचं तू कोणाला सांगितलंस?"

तिने पेनाचं टोपण लावलं. "लागलं का ते आज? मला वाटलं पुढच्या आठवड्यात येईल. मी तुला सांगणारच होते, कुंदा, शप्पथ."

"कोणाला सांगितलंस?"

"अगं, ती बोर्डवाल्या कंपनीची मुलगी येते ना, शर्मिष्ठा, धडे लिहिणारी. तिने तुझी लॉकडाऊनची सगळी रेकॉर्डिंग्ज ऐकली. वेडी झाली ती ऐकून. म्हणाली, या बाईंच्या आवाजात अजून काही मनाला भिडणारं आहे का, पोरं उदाहरण विसरतात पण गोष्ट विसरत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर पटकन तेच आलं. मला किती रडू आलं होतं, आठव तू."

"तुला रडू आलं म्हणून देऊन टाकलंस."

"असं काय बोलतेस? चोरलं का मी?" तिचा आवाज चढला आणि मग दाराकडे बघून उतरला. "तूच म्हणतेस ना, दृष्टांत कोणाच्या मालकीचा नसतो. कुठला बुवा विचारून घेतो? ऐकला, आवडला, लावला पुढच्या गावात. तुझेच शब्द आहेत."

आहेत. मी म्हणते तसं, वर्षानुवर्षं म्हणतेय. बुवासुद्धा दुसऱ्याचं दुःख लावतात, पण लावताना त्यांचा गळा भरतो, मग पंच्याने डोळे पुसतात, पाणी पितात, आणि ऐकणाऱ्याला दिसतं की हा माणूस हे उचलून आणतोय, याला त्याचं वजन लागतंय. असं काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हणाले, "काढायला सांग ते."

"सांगते. आजच मेल टाकते. पण कुंदा, ते बाकीच्या शाळांतही गेलंय आता, मला नाही वाटत..."

"आणि माझा आवाज?"

"आवाज तू दिलास की. तेव्हा."

"पोरांना दिला होता मी."

"मग पोरांनाच तर ऐकवतोय," ती म्हणाली, आणि तिला हे मनापासून वाटत होतं. तिच्या चेहऱ्यावर कुठेही काही लपवल्यासारखं नव्हतं. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला, तोच हात, तोच धरण्याचा प्रकार. "तुझी नोकरी कुठे जात नाहीये. वेडी आहेस का तू? मी आहे ना इथे. उलट तुला आराम. उद्यापासून नववी-दहावीला ती शिकवेल. तू फक्त मागे उभी राहा, पोरांकडे लक्ष ठेव, काही अडलं तर बघ."

मागे उभी राहा. मी हात सोडवून घेतला. पदर नीट करायचं निमित्त केलं.

"संध्याकाळी येतेस ना?" मी दारात पोचल्यावर तिने विचारलं. "आज शेवटचं कीर्तन. उद्या सकाळी काला. मी जागा धरते."

एलबीएस रोडवर मेट्रोच्या खांबांखाली रिक्षा कासवासारखी सरकत होती. मी पर्स मांडीवर धरून बसले होते. पर्समध्ये बाबांचे टाळ, रुमालात गुंडाळलेले, सप्ताहात ते माझ्या पर्समध्येच असतात, आणि खड्डा आला की रुमालातूनही एक बारीक किणकिण होते. मला ती रेकॉर्डिंग्ज आठवत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी गोधडी लावायचे, भाजीवाल्याचा आवाज येऊ नये म्हणून. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा. वर टेकडीवर राहणारी आमची पोरं, घरात एकच फोन, तो पण बापाचा, बाप घरी असेल तेव्हा मिळणार. मग त्यांना थेट वर्ग कसा जमणार? म्हणून बोलून ठेवायचं, जेव्हा फोन मिळेल तेव्हा ऐका. ती कल्पना रेवतीची. रोज रात्री तिचा फोन यायचा, "आजचा झकास झालाय गं." सगळं बंद होतं तेव्हा, देऊळ पण. देवापुढे बसावं तशी मी त्या साखरेच्या डब्यापुढे बसायचे. एकेका मुलाचा चेहरा डोळ्यापुढे आणून बोलायचे. हा इथे अडेल, म्हणून हे परत सांगू. हिला हसू येईल, म्हणून इथे थांबू. आणि आता वाटत होतं, ते थांबणं कंपनीवाल्यांनी मोजलं असेल. किती वेळ थांबते ही बाई, कुठे थांबते. पोरांसाठी ठेवलेली ती जागा यंत्राला शिकवली असेल.

तसं बघायला गेलं तर काय गेलं माझं? नोकरी आहे. आवाज गळ्यात आहे. बाबांना जाऊन किती वर्षं झाली. कुठल्या कुठल्या गावातली पोरं क म्हणून ओरडतायत, त्यांना बाबा कोण ते माहीत नाही, आणि उत्तर तर बरोबरच आहे. मी स्वतः म्हणाले बरोबर. विठ्ठला, मला राग कोणाचा येतोय तेवढं तरी सांग. कंपनीचा येत नाही. तिच्याशी माझी ओळख कुठे होती? ज्या सतरंजीवर मी ते बोलले, तिथे मला वाटलं होतं की शेजारी बसलेलं माणूस आणि समोरची मूर्ती, दोघांच्यात फार अंतर नसतं.

मी जाणार नव्हते. घरी चहा केला, देवाला दिवा लावला, आणि चपला घातल्या. पायांना माहीत असतं. दाराशी बुक्का लावणाऱ्या शकुमावशींनी कपाळ काळं केलं, "आज उशीर गं कुंदा?" मी मागेच बसायचं ठरवलं होतं, पण खांबाजवळ रेवतीची पर्स होती आणि रेवती मान वळवून मला शोधत होती, आणि सगळ्या बायका आपणहून सरकल्या. "जा जा, तुझी जागा आहे तिथे." इतक्या वर्षांची जागा. तिथे न बसणं म्हणजे सगळ्या देवळाला सांगणं. मी जाऊन बसले. रेवतीने माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "मेल टाकलाय." मी मान हलवली.

बुवा चांगले होते, तरुण, आळंदीला शिकलेले. पण आज मला अर्थ ऐकूच येईना. मी फक्त त्यांचा श्वास ऐकत होते. लांबलचक ओळ घेऊन ते गेले की शेवटी छाती रिकामी होऊन एक लहानसा हिसका बसत होता, माइकमधून सगळ्या देवळाला ऐकू जात होता, आणि मग ते परत भरून घेत होते. किती बरं वाटत होतं तो हिसका ऐकायला. मागे टाळकऱ्यांच्या दोन रांगा, घामाने पाठी ओल्या. कुणाचंही नाव कुणाला माहीत नसतं त्यांचं. बाबा अशाच रांगेत उभे असायचे, डावीकडून दुसरे.

मग शेवटचा गजर सुरू झाला. मी रुमाल सोडून टाळ काढले. बायकाही उभ्या राहिल्या, रेवतीने टाळ्या धरल्या, मृदंग चढत गेला. विठ्ठल विठ्ठल. लय दुप्पट झाली, मग चौपट, आणि त्या सगळ्या आवाजात माझा आवाज कुठला ते मलाही कळत नव्हतं, आणि सकाळपासून पहिल्यांदा मला माझा गळा माझा वाटला. नाव घ्यायला लागलं की मन उकलतं, मला कायम तसं झालेलं आहे. आजही थोडंसं उकललं, आणि त्या उकललेल्या जागेतून मला पुढचं दिसलं. गजर थांबेल. पसायदान होईल. मग सगळे वाकतील. रेवती माझ्या पायांशी वाकेल, कारण तिच्या मनात काहीच नाही. आणि मला तिच्या पायांशी वाकावं लागेल. वाकले तर ते खोटं होईल, या जागेवरचं माझं पहिलं खोटं. नाही वाकले तर मग मी इतकी वर्षं इथे बसून काय ऐकलं? कपाळं आपटतील. ती हसेल.

बुवांचा हात वर गेला.

मृदंग थांबला. टाळकरी थांबले. बायकांच्या टाळ्या एकदम विझल्या, शेवटची कुणाची तरी एक चुकार टाळी. आणि देवळात एकच टाळ वाजत राहिला, बाबांचा, माझ्या हातात. विठ्ठल विठ्ठल. माझा आवाज चिरका झाला होता, श्वास पुरत नव्हता. माना वळल्या. पुढे कुणीतरी हसलं, मायेनेच हसलं.

रेवतीने माझ्या कोपराला हलकेच हात लावला. "कुंदा," ती कुजबुजली, "अगं, हात वर गेलाय."

मी डोळे उघडले. बुवा माझ्याकडेच बघत होते, हात तसाच वर. मग मी रेवतीकडे बघितलं.

"बघलेलंय," मी म्हणाले.

तिचा हात माझ्या कोपरावरून गळून पडला. मी टाळ वाजवत राहिले.